अलार्मची वायर काढली, आता झोप लागत नाही

पत्राचा सारांश: पती निवृत्त झाल्यावर एका वाचक भगिनीने आणि त्यांच्या यजमानांनी मिळून जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेतली. गाडीतली दोन बर्नरची शेगडी, हीटर आणि फ्रिज प्रोपेनच्या सिलिंडरवर चालतात. गेल्या सहलीत गॅसचा अलार्म तीन रात्री पहाटे तीन-चारच्या सुमारास वाजला. वास कसलाच नव्हता. तिसऱ्या रात्री यजमानांनी त्याची वायरच काढली. त्यांचं म्हणणं, "गॅस असता तर वास आला नसता का? हे यंत्र जमिनीलगत आहे, पाय लागतो, धूळ बसते. आता छताजवळ लावतो, म्हणजे कटकट मिटेल." गार वारा येतो म्हणून शेगडीखालच्या जाळीत कापड कोंबलेलं आहे. प्रवासात फ्रिज गॅसवरच चालू असतो. पत्रलेखिकेचा आता गाडीत डोळा लागत नाही. गॅस पूर्ण काढून टाकून सगळं विजेवर करावं असं त्यांना वाटतं, तर यजमानांना हा नुसता बाऊ वाटतो. "आमच्यातलं कोण बरोबर?" असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं सगळं लक्ष अलार्मकडे लागलंय, आणि ते साहजिक आहे. पण पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते तुम्ही ओघात लिहून गेलात ते वाक्य, जाळीतल्या कापडाचं. अलार्मचं बोलूच, पण ते कापड आधी काढा.

ती जाळी हवा आत यायला नाही, गॅस बाहेर जायला ठेवलेली असते. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळला की तो वर चढत नाही, फरशीवर पसरतो आणि खोलगट जागा शोधतो. हवेत त्याचं प्रमाण २.१ टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगीने पेट घेतो. तुमच्या गाडीची फरशी १० चौरस मीटर धरा आणि तिच्यावर १० सेंटिमीटर जाडीचा हवेचा थर. हा झाला एक घनमीटर. त्यात २१ लिटर वायू मिसळला की तो थर पेटण्याजोगा होतो. २१ लिटर वायू म्हणजे जेमतेम ४० ग्रॅम गॅस, द्रवरूपात ८० मिलिलिटर. १.८ किलोवॉटचा बर्नर न पेटवता उघडा राहिला तर तासाला साधारण १४० ग्रॅम गॅस सोडतो. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या पावलांपाशी धोका तयार, आणि छताजवळची हवा मात्र अगदी स्वच्छ. ठिणगी पडायला पाण्याच्या पंपाचा स्विच पुरतो, आणि तोही बहुतेक गाड्यांत खालीच असतो.

जाळी मोकळी असली की हाच गॅस गाडीखाली उतरून पांगतो. वाऱ्याचा त्रास खरा आहे, पण त्यावर दुसरा उपाय आहे. गाडीच्या खालच्या बाजूने जाळीसमोर थोडं अंतर सोडून पत्र्याचा आडोसा लावता येतो. वारा अडतो, वाट बंद होत नाही. किडे येतात म्हणून मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका, रस्त्यावरच्या चिखलाने ती महिन्याभरात लिंपली जाते. सिलिंडरच्या कप्प्याचंही तसंच. तो राहत्या भागापासून पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोकं हवीत. त्यांचं क्षेत्रफळ कप्प्याच्या तळाच्या किमान २ टक्के, आणि काही झालं तरी १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नको. त्या कप्प्यात स्पॅनर, वायरी, जुनी बॅटरी असली अडगळ ठेवायची सवय अनेकांना असते. तिथे सिलिंडर सोडून काहीही नको, आणि सिलिंडर उभाच, पट्ट्याने आवळलेला. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

यावरूनच अलार्म छताजवळ लावण्याची कल्पना का चुकीची ते लक्षात येईल. तिथे तो शांत राहील हे अगदी खरं. गॅस गाडीभर भरेपर्यंत शांतच राहील. प्रोपेनचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर, बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागीच हवा. पाय लागत असेल तर त्याच्यापुढे हवा खेळेल अशी एखादी दांडी किंवा कड बसवून घ्या.

आता "वास आला नसता का?" हे घेऊ. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो वास आपण ओळखतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं आणि हे मर्कॅप्टन ३५ अंशांना. त्यामुळे ते सिलिंडरमध्ये मागे रेंगाळतं. भरलेल्या सिलिंडरच्या सुरुवातीच्या गॅसला वास कमी, आणि संपत आलेल्याचा वास उग्र. त्यात झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच याची खात्री नाही, एकाच वासात थोडा वेळ राहिलं की नाक तो टिपेनासं होतं, वयानुसार घ्राणशक्ती मंदावते, आणि बिछाना असतो फरशीपासून हातभर वर. वास आला तर ती पक्की सूचना माना. पण वास नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग तुमचा अलार्म कशामुळे वाजला? तो सलग, कानठळ्या बसतील असा वाजत होता की ठरावीक अंतराने एकेक "टिक" करत होता, आणि त्या रात्री गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली होती की नव्हती, हे पत्रात नाही. उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. थांबून थांबून वाजणं बहुधा कमी व्होल्टेजचं किंवा आयुष्य संपल्याचं लक्षण असतं. पहाटे तीन-चार ही वेळ त्याला जुळते, कारण रात्रभर हीटरचा पंखा चालून बॅटरी तेव्हाच सगळ्यात उतरलेली असते. अलार्मच्या मागे छापलेली तारीख पाहा. गॅस ओळखणारा सेन्सर साधारण ५ ते ७ वर्षं टिकतो आणि जुन्या गाड्यांत तो कधीच बाद झालेला सापडतो. तारीख उलटली असेल तर पुढचा तपास करण्याआधी अलार्म बदला. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नव्हे.

सलग वाजत असेल आणि गाडी विजेला जोडलेली असेल, तर गॅसइतकाच संशय बॅटरीवर घ्या. शिशाची बॅटरी जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते, आणि गॅसचे बरेच सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतात. मग यजमान म्हणणार "खोटा अलार्म", पण तो खोटा नसतो. यंत्राने वेगळा, तितकाच स्फोटक वायू पकडलेला असतो. अनेक तास चार्जिंग झाल्यावरही व्होल्टेज १४.४ च्या खाली उतरत नसेल (ते १३.५ ते १३.८ च्या आसपास स्थिरावायला हवं), बॅटरी फुगलेली किंवा चांगलीच गरम लागत असेल, तर आधी चार्जर बंद करा, गाडी हवेशीर करा, आणि ती बॅटरी पुन्हा वापरू नका. तुमची बॅटरी लिथियमची असेल तर हा मुद्दा सोडून द्या. केसांचा स्प्रे, थिनर, सॅनिटायझर यांनीही अलार्म वाजतो, पण पहाटे तीनला कोणी केसांना स्प्रे मारत नाही.

पुन्हा वाजला तर? कारण शोधण्याची वेळ ती नव्हे. दिवा लावू नका, लागलेला असेल तर विझवूही नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट पंखा चालवायचा मोह होतो, तो टाळा. ज्योत चालू असेल आणि हाताशी असेल तर बंद करा, दार उघडा, दोघंही बाहेर पडा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करा. फोन दूर जाऊन करा. इंजिन सुरू करून गाडी हलवायची नाही. पुरेशी हवा खेळल्याशिवाय आत जायचं नाही, आणि तपासणी होईपर्यंत तो व्हॉल्व्ह बंदच.

गळती आहे की नाही हे तर्काने ठरवायची गरजच नाही, ते मोजता येतं. तुमच्या दोघांतला वाद मिटवायला हाच उत्तम मार्ग आहे, कारण काट्याला कोणाची बाजू नसते. रेग्युलेटरजवळ गेज (दाब दाखवणारा काटा) नसेल तर गॅसचं काम करणाऱ्या जाणकाराकडून बसवून घ्या. मग दिवसा, सावलीत, दारं-खिडक्या उघड्या ठेवून शेगडी, हीटर, फ्रिज सगळं बंद करा. फ्रिज "ऑटो"वर नाही ना, हे दोनदा पाहा. वीज गेली की तो आपणहून गॅसवर जातो आणि चाचणी फसते. सिलिंडर अगदी हळू उघडा. झटक्यात उघडला तर जादा प्रवाह अडवणारी झडप मिटते आणि गॅस पुढे जातच नाही. नळ्या भरल्या की सिलिंडर बंद करा, दोन-चार मिनिटं दाब स्थिरावू द्या, आकडा लिहून ठेवा आणि निदान १० मिनिटांनी पुन्हा वाचा. काटा जागचा हलला नाही तर नळ्या घट्ट आहेत. खाली आला तर गळती आहे, मग वास असो वा नसो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सिलिंडर उघडा ठेवून गेज बघत बसणं. सिलिंडर उघडा असेल तर गळलेला गॅस लगेच भरून निघतो आणि काटा छान स्थिर दिसतो. दुसरी चूक, सकाळी गारव्यात सुरू केलेली चाचणी उन्हात संपवणं. सिलिंडरमधला दाब २० अंशांना साधारण ७ बार असतो आणि तापमानाबरोबर तो चांगलाच बदलतो. ऊन लागून चढलेला दाब बारीक गळती झाकून टाकतो.

काटा उतरला तर जागा शोधायला साबणाचं पाणी पुरतं. भांड्यांचा सौम्य साबण पाण्यात मिसळून ब्रशने सांध्यांना लावायचा. सिलिंडर उघडा, उपकरणं बंद. रबरी नळीची दोन्ही टोकं, रेग्युलेटर, प्रत्येक कॉक, शेगडीमागचा आणि हीटरचा सांधा, सगळीकडे मिनिटभर थांबून बघा, कारण बारीक गळतीचे बुडबुडे सावकाश फुगतात. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, पितळेला त्याने तडे जातात. काडी पेटवून बघण्याचा प्रकार अजूनही चालतो म्हणून सांगावं लागतं, तो नको. सिलिंडरकडच्या नटाला अनेकदा उलटे आटे असतात, तो घट्ट करताना आपण सैल तर करत नाही ना हे पाहा. तिथला वॉशर कडक झाला असेल तर बदला. नळी वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या किंवा तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल तर नवी घ्या. तुम्ही करायचं काम इथपर्यंतच. तांब्याच्या नळ्यांचे सांधे जास्त आवळून नळीचं टोक चिरतं आणि पाण्याच्या नळाची टेप गुंडाळून गळती तात्पुरती लपते. ते काम जाणकाराचं.

यजमानांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. अलार्म विनाकारण वाजतात, आणि वारंवार वाजणाऱ्या अलार्मकडे माणूस दुर्लक्ष करायला लागतो. पण वायर काढल्याने कारण गेलं नाही, फक्त बातमी बंद झाली.

आता एक प्रश्न, दोघांसाठी. गाडीत झोपून उठल्यावर डोकं जड असतं का? मळमळ, सुस्ती, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की तासाभरात बरं वाटतं, असं होतं का? होत असेल तर तो गॅस गळण्याचा नव्हे, गॅस नीट न जळण्याचा परिणाम असू शकतो. तसं असेल तर हीटर लावून झोपू नका आणि डॉक्टरांना हा संशय स्पष्ट सांगा. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच, म्हणून तो खाली न बसता सगळीकडे मिसळतो. तुमचा प्रोपेनचा अलार्म त्याला ओळखेलच असं नाही. त्यासाठी वेगळा अलार्म हवा, बिछान्याजवळ, झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून तो नाही असं धरते. पुढच्या सहलीआधी घ्या.

एक किलो प्रोपेन जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये सगळी मिळून वीस-पंचवीस घनमीटर हवा असते. म्हणून शेगडी चालू असताना छताची झडप आणि एक खिडकी थोडी उघडी हवीच, आणि शेगडीवर गाडी उबदार करणं हे कितीही थंडी असली तरी करायचं नाही. एक किलो प्रोपेन जळून दीड लिटरहून जास्त पाणीही तयार होतं. तसल्या "उबे"नंतर सकाळी गादीसुद्धा दमट लागते ती त्यामुळेच.

हीटर बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असेल तर झोपताना चालू ठेवायला तो योग्य आहे. पण धुराड्याचं तोंड पाहा. त्यावर काजळी, जवळच्या खिडकीची फट, अंगावर ओढलेला तंबूचा पडदा, साठलेला बर्फ यांतलं काही असेल तर ते आधी दूर करा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कोळी बर्नरच्या नळीत जाळं करतात, मग हवा कमी पडून ज्योत पिवळी होते. ज्योत निळी आणि स्थिर हवी. शेगडीची सुरक्षा झडपही एकदा तपासा. खिडक्या उघडून बर्नर पेटवा, तापू द्या, फुंकून विझवा आणि मिनिटभरात "टक" असा आवाज येतो का ऐका. नाही आला तर लगेच नॉब बंद करा आणि ती शेगडी दुरुस्तीला.

थंडीत हीटर पहाटे बंद पडून पुन्हा पुन्हा पेटायचा प्रयत्न करत असेल तर सिलिंडरमध्ये नक्की काय आहे तेही विचारा. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं. मिश्रणात त्याचा वाटा मोठा असेल तर थंड रात्री दाब उतरतो.

प्रवासातल्या फ्रिजबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गाडी चालताना सिलिंडर बंद. अपघातात नळी तुटली तर उघडा सिलिंडर रिकामा होईपर्यंत ओतत राहतो. अपघाताचा धक्का ओळखून गॅस तोडणारा रेग्युलेटर आणि नळी फुटल्यास मिटणारी झडप ही दोन्ही बसवलेली असतील, तरच अपवाद, तोही जिथला नियम परवानगी देतो तिथेच. गाडी धावत असताना फ्रिज १२ व्होल्टवर चालवायची सोय असते, ती वापरा. आधी नीट गार केलेला फ्रिज बंद ठेवला तरी काही तास थंड राहतो. इंधन भरताना आणि फेरीबोटीत तर गॅस बंद हवाच, आणि इथेही "ऑटो" घात करतो. पंपावर इंजिन थांबवलं की तो वीज गेली असं समजून ज्योत पेटवू शकतो.

राहिला तुमचा मूळ विचार, गॅस काढून टाकण्याचा. तो चुकीचा नाही, पण हिशोब करून बघा. एक किलो प्रोपेनमध्ये जवळपास १२.८ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे विजेच्या भाषेत तेरा युनिट. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरून सव्वा युनिटही जेमतेम देते. स्वयंपाक आणि फ्रिज विजेवर नेणं मोठ्या बॅटऱ्या आणि सौर पॅनेल घालून जमतं. रात्रभराची ऊब मात्र बॅटरीवर निभत नाही. तुमचे मुक्काम नेहमी वीजजोडणी असलेल्या जागीच असतील तर खुशाल विजेवर जा. नसतील तर डिझेल हीटर घेण्याचा सल्ला मिळेल, पण तोही इंधन जाळतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न तसाच राहतो. मधला मार्गही आहे. शेगडी विजेची घ्या, गॅस फक्त बंद ज्वलनकक्षाच्या हीटरपुरता ठेवा. राहत्या भागातली उघडी ज्योत त्याने संपते.

"कोण बरोबर" याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. कापड काढणं, अलार्म पुन्हा जागेवर जोडणं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणणं या गोष्टींना कोणाची संमती लागू नये. काट्याची चाचणी मात्र यजमानांनाच करू द्या, तुम्ही आकडे लिहा. ते पटकन तयार होतील, कारण त्यांच्या मते काटा हलणारच नाही. नाही हलला तर बॅटरी आणि अलार्मचं वय तपासा. दोन्ही निकालांत गाडी एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायची आहेच, जुनी घेतल्यावर ते राहून गेलेलं दिसतं. त्या जाणकाराला सांगा, तोंडी "ठीक आहे" नको. सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, किती मिनिटं, रेग्युलेटर आणि नळीची तारीख, धुराड्याची तपासणी, एवढं कागदावर लिहून मागा, आणि दर वर्षी तोच कागद पुढे करून नवे आकडे शेजारी लिहून घ्या.